कापा हो ती केबल!

तुमच्या घरात प्रिंटरची जुनी केबल असणारच. प्रिंटर कधीच भंगारात गेला, पण केबल "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून टीव्हीखालच्या खणात, बंद पडलेल्या मोबाइलांच्या चार्जरांमध्ये गुरफटून पडलेली. ती काढा. कात्री आणा. आणि मधोमध कापा! अहो, खरंच कापा! मी कापली आणि तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलेना, कारण मी दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही!

आधीच सांगून टाकते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई. फ्यूज उडाला की शेजारच्या काकांना हाक मारणारी. कुणी इंजिनिअर हे वाचत असतील तर त्यांनी पान उलटून पुढे जावं, किंवा इथेच बसून गालात हसावं, माझी हरकत नाही. पण बाकीच्यांनी थांबा! हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला झोप यायची नाही.

सगळं सुरू झालं ते भाच्यामुळे. त्याने मला डॅक आणून दिला. डॅक म्हणजे एक छोटी डबी, लॅपटॉपमधल्या गाण्याचे आकडे घेते आणि त्यांची स्पीकरला कळेल अशी वीज करून देते. छानच आहे! पण डबीच्या मागे बघते तर काय, प्रिंटरचंच चौकोनी भोक! तेच! म्हणजे आमची जुनी केबल चालणार! आणि मग भाच्याचा मित्र आला आणि म्हणाला, "मावशी, ही केबल लावू नका हो, गाण्याचा जीव जातो," आणि मग त्याने पिशवीतून स्वतःची केबल काढली, चांदीच्या तारांची, दोरखंडाएवढी जाड, आणि मग तिची किंमत सांगितली आणि मग मी खुर्चीत बसले. तेवढ्यात नवा लॅपटॉप येतो!

तुम्हाला म्हणून सांगते, अशा केबलींचं एक अख्खं जग आहे! ऑडिओक्वेस्ट नावाच्या अमेरिकी कंपनीच्या यूएसबी केबलींची नावं ऐका: फॉरेस्ट, सिनॅमन, कार्बन, कॉफी, डायमंड! दालचिनी आणि कॉफी! आणि डायमंडच्या आत हिरा नाही, चांदी आहे! आणि चांदी तांब्यापेक्षा वीज किती चांगली नेते? माझ्या डोक्यात दसपट वगैरे होतं. जेमतेम पाच-सहा टक्के! एवढंच! हे कळल्यावर मला राहवेना. आत आहे तरी काय? आणि मग कात्री.

तर, आत किती तारा असतील? सांगा! एवढं गाणं जायचं म्हणजे निदान पन्नास तरी, असं मला वाटलं. चार! फक्त चार! लाल, काळी, पांढरी, हिरवी. लाल आणि काळी पाच व्होल्टची वीज नेतात. आणि गाणं, म्हणजे किशोरीताई आमोणकरांचा अख्खा भूप राग, तानपुऱ्यांसकट, तबल्यासकट, दोन स्वरांमधल्या श्वासासकट, जातो तो पांढऱ्या आणि हिरव्या तारेतून! दोनच तारांतून! आणि या दोघी एकमेकींना पीळ घातलेल्या! आणि मग सगळ्यांभोवती ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, आणि मग तिच्यावर बारीक तारांची विणलेली जाळी, आणि मग वरचं काळं रबर. हे सगळं त्या शंभर रुपयांच्या केबलमध्ये! कुणी बसून विणलं असेल हो हे?

आणि रबरावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं! माझ्या केबलवर होतं, २८ एडब्ल्यूजी १पी, २४ एडब्ल्यूजी २सी. इतकी वर्षं ती अक्षरं माझ्या टेबलावर होती आणि मी एकदाही वाचली नाहीत! अर्थ असा, की आत २८ नंबरच्या तारांची एक जोडी आहे आणि २४ नंबरच्या दोन सुट्या तारा. जोडी गाण्याची, सुट्या विजेच्या. आणि नंबर मोठा तेवढी तार बारीक! उलटंच!

थांबा, अजून आहे. केबलचं चपटं टोक उजेडात धरा आणि आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतात. नीट बघा. कडेच्या दोन जरा लांब आहेत! मधल्या दोन आखूड! मला आधी वाटलं, कारखान्यात कुणाचा तरी हात हलला. नाही! मुद्दाम! केबल खोचताना आधी वीज पोचावी आणि मग बोलणं सुरू व्हावं, म्हणून! मिलिमीटरभराचा फरक, पण कुणाला तरी तो सुचला! मी घरातली सगळी टोकं उजेडात धरून बघितली. सगळीकडे तसंच! नवऱ्याला दाखवलं. तो "हं" म्हणाला. फक्त "हं"!

आता तो पीळ. हिरव्या तारेवरचं व्होल्टेज चढलं की पांढरीवरचं उतरतं, पांढरीवरचं चढलं की हिरवीवरचं उतरतं. आणि पलीकडची डबी या दोघींमधला फक्त फरक बघते. बाहेरून काही खरखर आली, मिक्सरची, मोबाइलची, तर ती पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखीच पडते, आणि मग फरक काढताना उडून जाते! वजाबाकी! ही तर वजाबाकी झाली! दिवसभर बँकेत मी दुसरं काय करते?

आणि त्या दोन तारांवर आकडे लिहायची रीत! शून्य असेल तर बदल करायचा, एक असेल तर गप्प बसायचं! पण मग सलग एकच एक आले तर? तारा गप्पच राहणार आणि पलीकडच्याची मोजणी चुकणार. म्हणून सलग सहा एक आले की मध्ये एक खोटं शून्य कोंबायचं, आणि पलीकडच्याने ते ओळखून फेकून द्यायचं! कुणाच्या डोक्यात येतं हे!

कुणाच्या, तेही शोधलं. एकट्या माणसाचं काम नाही, सात मोठ्या कंपन्यांनी मिळून १९९६ साली यूएसबीचे पहिले नियम छापले. पण त्यात इंटेलमधलं एक नाव सगळे घेतात, अजय भट्ट. आणि शिकले कुठे? बडोद्याला! महाराजा सयाजीराव विद्यापीठात! आपल्या सयाजीरावांचं बडोदं! जिथे १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, त्या गावात शिकलेल्या माणसाच्या हाताखालून ही तार गेली, आणि आज तिच्यातून माझा भूप जातो! याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, ठाऊक आहे मला. तरी माझ्या अंगावर काटा आला त्याला मी काय करू? आणि २००९ साली इंटेलने जाहिरात काढली, त्यात भट्टांना रॉकस्टार केलं होतं, ऑफिसातल्या मुली किंचाळतायत! भट्टांच्या जागी नट होता म्हणे, पण असू दे!

आता हिशेब. हिशेब मला येतो! सीडीवरच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन. गुणा. १४,११,२००. सेकंदाला चौदा लाख बिट! बाप रे, बारीक तार, झेपेल का तिला? आणि मग कळलं, की २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कागदावरची झेप सेकंदाला ४८ कोटी! ३४० पट! चांदी कशाला हवी? तार तर जवळजवळ रिकामीच आहे! आणि त्या वेगाला एक बिट दोन नॅनोसेकंदांत संपतो, तेवढ्यात वीज तारेतून सुमारे चाळीस सेंटिमीटर जाते, म्हणजे मीटरभर केबलमध्ये एका वेळी अडीच बिट धावत असतात! अडीच! मी केबलकडे बघून ते मोजायचा प्रयत्न केला. हसू नका.

आणि गाणं धारेसारखं वाहत नाही बरं का! पुडके जातात! जुन्या, साध्या वेगात दर मिलिसेकंदाला एक पुडका. म्हणजे एका पुडक्यात नमुने किती? ४४,१०० भागिले १०००, बरोबर ४४.१! आणि तो पॉइंट एक कुठे ठेवणार? नमुन्याचा दहावा भाग कापता येत नाही! तर नऊ पुडक्यांत ४४ भरायचे आणि दहाव्यात ४५! नऊ वेळा चव्वेचाळीस आणि एकदा पंचेचाळीस, नऊ वेळा चव्वेचाळीस आणि एकदा पंचेचाळीस, अख्खा भूप संपेपर्यंत! मी हे बसमध्ये बोटांवर मोजत होते आणि माझा स्टॉप गेला!

पण इथे भाच्याचा मित्र हसला. म्हणाला, "मावशी, पुडका खराब झाला तर?" मी म्हटलं, परत मागवेल! पेनड्राइव्हवर फाइल पाठवताना तसंच होतं, पुडका तपासतात, चुकला तर पुन्हा पाठवतात, आणि म्हणून फाइल जशीच्या तशी पोचते. तो म्हणाला, "गाण्याला ती सोय नाही." मी भाच्याकडे बघितलं. भाच्याने मान हलवली. खरंच नाही! गाण्याचे पुडके तपासता येतात, पण परत मागवता येत नाहीत, कारण वेळच नसतो! तबलजीची मात्रा हुकली तर तो थांबून ती पुन्हा वाजवतो का? ठेका पुढे गेला! तसंच!

म्हणजे चांदीवाला जिंकला? मला दोन मिनिटं तसं वाटलं. पण मग विचार करा ना, मात्रा हुकली तर ऐकू काय येईल? टक्! किंवा क्षणभर शांतता! "तानपुरा जरा कोरडा झाला" असं नाही ऐकू यायचं! बिटांना काय ठाऊक तानपुरा कुठला आणि तबला कुठला! चुकला तर कुठलाही बिट चुकेल, आणि चांगली खरखरीत खरखर होईल. आमच्या जुन्या केबलमधून एकदाही टक् झालं नव्हतं.

मित्र म्हणाला, "बिट तेच असतील हो, पण वेळेचं काय?" याचंही उत्तर आहे, आणि ते इतकं गोड आहे! आजच्या बहुतेक बऱ्या डॅकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, एक इवलासा स्फटिक. पुडके आले की डबी ते आधी साठवून ठेवते आणि मग स्वतःच्या घड्याळाने, स्वतःच्या चालीने वाजवते. साठा कमी झाला की लॅपटॉपला उलटा निरोप, "एक जास्त पाठव!" साठा वाढला की, "जरा दमाने!" म्हणजे केबलमधून पुडका कसा धापा टाकत आला याच्याशी गाण्याच्या लयीला देणंघेणंच नाही! माझी डबी लॅपटॉपला हुकूम सोडते! मी तेव्हापासून तिच्याकडे जरा आदराने बघते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं खरं कशावरून? अगदी हेच मी विचारलं! आणि मग आम्ही ते करून बघितलं!

त्यासाठी आधी मी केबल बनवली. मी! स्वतः! पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन दोन टोकं आणली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तयार केबल घ्या की, कशाला डोकेफोड?" त्याला काय सांगणार! भाच्याने सोल्डरिंग शिकवलं, राळेचा वास घरभर, आणि तो ओरडत होता, "मावशी, पीळ सोडू नकोस, अगदी टोकापर्यंत ठेव!" कारण त्या जोडीचा विरोध ९० ओहम असायला लागतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून थोडा मागे फिरतो. आणि गंमत म्हणजे मल्टिमीटर लावला तर ९० दिसतच नाहीत! काहीच दिसत नाही! तो आकडा तारांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि मधलं प्लॅस्टिक यांतून येतो, आणि धावणाऱ्या सिग्नललाच जाणवतो! मला हे अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. केबल तयार झाली, वाकडी, एका टोकाला सोल्डरचा गोळा, वर निळी चिकटपट्टी. लावली. वाजली! अहो, वाजली! किशोरीताई माझ्या केबलमधून!

आणि मग परीक्षा. भाच्याकडे रेकॉर्डिंगचा एक डबा आहे, त्याला प्रकाशाची तार जाते, एक बाहेर जायचं भोक, एक आत यायचं. लॅपटॉपने गाणं यूएसबीतून डब्याकडे पाठवायचं, डब्याने ते प्रकाशाच्या तारेतून स्वतःलाच परत द्यायचं, आणि मग त्याच यूएसबी केबलमधून लॅपटॉपवर पुन्हा रेकॉर्ड करायचं. म्हणजे गाणं माझ्या वाकड्या केबलमधून दोनदा गेलं, जाताना आणि येताना! लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवायचा आणि त्याची मधली ढवळाढवळ बंद करायची, हे मात्र महत्त्वाचं. आणि मग ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्राममध्ये मूळ गाणं वर, परत आलेलं खाली, नमुन्याला नमुना जुळवायचा, एक उलटं करायचं आणि दोन्हींची बेरीज! पुन्हा हिशेब! काही बदललं असेल तर जे बदललं तेवढंच उरेल.

काय उरलं? शून्य! सपाट रेघ! भाच्याने ती मोठी करून बघितली, अजून मोठी, अजून मोठी. सपाट! एक बिट इकडचा तिकडे नाही! मग प्रिंटरची दुसरी केबल लावली. सपाट. मग चांदीची. सपाट! नवा लॅपटॉप येईल एवढ्या किमतीची केबल आणि चिकटपट्टीवाली केबल, दोघींनी आणलेले आकडे तेच! मी टाळ्या वाजवल्या. मित्र गप्प झाला आणि मग म्हणाला, "पण कानाला फरक कळतो." बरोबर आहे त्याचं, आकड्यांनंतर कानाचीही पाळी हवी!

म्हणून रविवारी मैफल. डॅकवर टॉवेल टाकला, भाचा मागे बसून माझी आणि चांदीची अशा दोन केबली बदलणार, आम्ही सांगायचं कुठली. झाकायच्या आधी सगळ्यांना फरक ऐकू येत होता! मलाही! चांदीच्या केबलला तानपुऱ्याच्या तारा सुट्या, मोकळ्या, अगदी हाताने मोजाव्यात अशा! टॉवेल पडला आणि तो सगळा फरक कुठे गेला कोण जाणे! एकदा भाच्याने केबल काढून तीच परत लावली आणि नवरा डोळे मिटून म्हणाला, "वा! आली चांदी!" नुसता अंदाज ठोकून दहापैकी दहा बरोबर यायला १०२४ मध्ये एकदाच संधी असते, म्हणून कुणी तेवढं सांगितलं तर मी उठून नमस्कार करीन. आमच्यापैकी कुणी जवळपासही आलं नाही. पण मला खरा अचंबा वाटला तो त्या आधीच्या ऐकण्याचा. चांदी दिसली आणि कानाने स्वतःच तारा सुट्या केल्या! फुकट! एवढं काम कुठली केबल करते?

आणि आता सगळ्यात भारी. बसा नीट.

मैफल संपली, लॅपटॉपची बॅटरी उतरली म्हणून मी चार्जर लावला, आणि स्पीकरमधून बारीक ची-ची! गाणं बंद असताना! माउस हलवला की ची-ची बदलते! म्हणजे मी स्क्रीनवरची खिडकी सरकवते ते मला ऐकू येतंय! चार्जर काढला, गायब. लावला, हजर. माझी केबल, ची-ची. चांदीची केबल, तीच ची-ची! हा फरक टॉवेलखालीही, पैज लावून, प्रत्येक वेळी ओळखता येतो! आकडे तर सगळे शुद्ध पोचतायत, मग हे कुठून आलं?

काळ्या तारेतून! लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर, आणि या दोघांच्या जमिनी, म्हणजे ग्राउंड, काळ्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात, आणि मग चार्जरचा कचरा त्या वाटेने फिरत डॅकच्या पुढच्या भागात शिरतो, जिथे आकडे संपून खरा आवाज सुरू झालेला असतो. तिथे वजाबाकी नाही! म्हणजे चांदीवाला अगदीच चुकीचं म्हणत नव्हता, केबलमधून आवाजात काहीतरी येतं खरं! फक्त ते गाण्याच्या तारांतून येत नाही, आणि चांदी ते थांबवत नाही! उलट, चांदी वीज नेण्यात हुशार, ती कचराही हुशारीनेच नेणार!

मग कापू या ती तार! माझा हात कात्रीकडे गेलाच होता. भाचा म्हणाला, लाल कापून बघ, तुझ्या डॅकला स्वतःचा अडॅप्टर आहे. काही डॅक लाल तारेशिवाय वाजतात, काहींना पलीकडे लॅपटॉप आहे हे त्या पाच व्होल्टांवरूनच कळतं, ते गप्प बसतात. पण ची-ची येते मुख्यतः काळीतून, आणि काळी कापता येत नाही! हिरवी-पांढरीला उंची मोजायला जमीन लागते ना! म्हणजे चारांतली जी एक तार कापावीशी वाटते, तीच नेमकी ठेवावी लागते!

आणि यावरही कुणीतरी उपाय काढलाय! ॲनालॉग डिव्हायसेस नावाच्या कंपनीची नखाएवढी चिप आहे, एडीयूएम ४१६०. तिच्या आत इवल्याशा तारेच्या गुंडाळ्या आहेत, समोरासमोर, एकमेकींना न चिकटता. बिट एका बाजूने येतो, चुंबकाच्या जोरावर पलीकडे उडी मारतो, आणि मधे धातूचा एक कणही नाही! काळी तार अलीकडे संपते आणि पलीकडे नवीन सुरू होते! पलीकडे वीज वेगळी द्यायची, की झालं! अशी तयार पट्टी चांदीच्या केबलच्या कुठल्या कुठे स्वस्त मिळते. मी मागवली! आली! लावली! चार्जर लावला! माउस गरगर फिरवला! काही नाही! ची-ची गेली! मी नवऱ्याला उठवलं. रात्री!

फक्त भाचा कुरकुरतोय. ती चिप जुन्या वेगाची, सेकंदाला १ कोटी २० लाखांची, आणि त्यातही गाण्याच्या एका पुडक्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट, दर मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ८१ लाख ८४ हजार बिट. त्याच्याकडच्या १९२ किलोहर्ट्झच्या, २४ बिटांच्या फाइलींना ९२ लाख १६ हजार लागतात. मावत नाहीत! "मावशी, माझ्या फाइली इथे वाजणार नाहीत," म्हणाला, तोंड एवढंसं करून. नकोत वाजायला! माझ्याकडे सगळं सीडीवरचं आहे, चौदा लाखांत मावणारं, नऊ वेळा चव्वेचाळीस आणि एकदा पंचेचाळीस!